एकेकाला एकेक संकट

हॅलोबाईंच्या घरात टेलिफोन दोन. एक खिशात मावणारा, सगळ्यांकडे असतो तसा. दुसरा काळा, चकतीचा, विटेएवढा जड आणि गेली कित्येक वर्षं मुका. त्याची वायर भिंतीपर्यंत जातच नाही. टेबलाच्या पायाला दोन वेढे घालून तिथेच संपते. पण घरात मान त्यालाच. त्याच्यावरून रोज फडकं फिरतं, त्याच्याशेजारी कोणी चहाचा कप ठेवलेला बाईंना खपत नाही, आणि आठवड्यातून तीन दुपारी त्याच्यावर आगी लागतात, पाय मोडतात, मुलं हरवतात.

बाई एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. त्या ‘हॅलो’ असं म्हणत, की पलीकडच्याला वाटावं, ही बाई सकाळपासून आपलीच वाट बघत बसली आहे. म्हणून हॅलोबाई. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ कोणावर येत नाही.

एकतीस वर्षांत बाईंना एक गोष्ट पक्की कळली. संकटातला माणूस पत्ता सोडून सगळं सांगतो. एका गृहस्थांनी घराला आग लागली म्हणून फोन केला आणि आधी, शेगडी बंद करायची कोण विसरलं यावरून त्यांचं आणि मेव्हणीचं कसं वाजलं, ते सविस्तर ऐकवलं. बाईंनी विचारलं, “राहता कुठे?” तर म्हणाले, “तिथेच, जुन्या घरी.” निवृत्त झाल्यावर बाईंनी ठरवलं, की आता उरलेल्या आयुष्यात निदान आपल्या इमारतीला तरी नीट मदत मागायला शिकवायचं. ‘पत्ता आधी, रडणं नंतर’ असं त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं आणि वर्ग सुरू केला.

वर्ग इंग्रजीचा होता, कारण शहराचा मदतीचा नंबर इंग्रजीत उचलला जाई. शहरात वीस भाषांची माणसं. कोणाचीच बाजू नको म्हणून सगळ्यांनाच जड जाईल अशी भाषा ठेवलेली. तरुण मंडळी सकाळी डबे घेऊन कामावर जात, आणि मागे उरत ती उतारवयात मुलांमागे या शहरात आलेली माणसं. त्यांना इंग्रजीतलं ‘थँक यू’ येई, पण थँक यू म्हणावं अशी वेळ आणण्याइतकं इंग्रजी येत नसे.

विद्यार्थी पाच. तळमजल्यावरचा शिंपी. पाचव्या मजल्यावरच्या काकू, ज्यांना कोणत्याही कामात पुढे व्हायला आवडे. एके काळी कुठल्याशा कचेरीत हेडक्लार्क असलेले चष्मेवाले काका. फाटकावरचा पहारेकरी. आणि हळूआजी. आजी सगळंच हळू करत. जिना हळू चढत, बोलत हळू, आणि हसायचं ठरलं तर इतरांचं हसून झाल्यावर हसत.

पहिला महिना बाईंनी सगळ्यांना सगळी संकटं शिकवली. महिन्याच्या शेवटी परीक्षा घेतली, तेव्हा काकांनी मुक्या टेलिफोनवर गंभीरपणे कळवलं, की त्यांच्या पायाला आग लागली असून कुत्रा हरवला आहे. काकूंनी मुलाच्या हरवण्याबद्दल अग्निशामक दलाला बोलावलं. पहारेकऱ्याने सगळं बरोबर सांगितलं, पण शेवटी घाबरून सगळं ठीक असल्याचंही सांगून टाकलं.

बाई रात्रभर तळमळल्या नाहीत. त्या तशा स्वभावाच्या नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. “एकेकाला एकेक संकट,” त्या म्हणाल्या. “तेवढंच पाठ करायचं. पण असं पाठ करायचं, की झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे.”

चोराची चिठ्ठी पहारेकऱ्याने उघडल्या उघडल्याच बाद करायला लावली. “मी फाटकावर असताना चोर? हा माझा अपमान आहे, बाई.” मग त्याच्या वाट्याला आला कुत्रा चावणे. काकूंना आग मिळाली. काकांना पाय मोडणे. शिंप्याला लिफ्टमध्ये अडकणे. आणि हळूआजींना हरवलेलं मूल.

“आमच्याकडे हरवायला मूलच उरलेलं नाही,” आजी म्हणाल्या. “नातू माझ्यापेक्षा हातभर उंच आहे.”

“असू दे हो आजी. संकट काय सांगून येतं?”

आजींनी मान डोलावली आणि पाठांतर सुरू केलं. मुलाचं वय, कपड्यांचा रंग, केस, शेवटचं कुठे दिसलं. सरावासाठी त्या समोर बसलेल्या कोणाचंही वर्णन करत. काकांचं वर्णन त्यांनी एकदा इतकं हुबेहूब केलं, की काका दोन दिवस टोपी घालून हिंडत होते.

डब्यात एक चिठ्ठी उरली. तिच्यावर बाईंनीच लिहिलं होतं, ‘आपल्या बाई पडल्या.’ ती ज्याच्या हाताला लागे, तो चटका बसल्यासारखा तिला परत आत टाकी. “छे छे, बाईंच्या बाबतीत असलं काही नको,” काकू म्हणाल्या. पाचांना पाच संकटं पुरली, आणि ती चिठ्ठी डब्याच्या तळाशी बिस्किटांच्या चुऱ्यात पडून राहिली.

आता या वाटणीचा जो परिणाम झाला, तो बाईंच्या ध्यानीमनी नव्हता. माणसाचा जीव घरात गुंतावा, दागिन्यात गुंतावा, तसा या पाचांचा जीव आपापल्या संकटात गुंतला. काकांना आपला मोडलेला पाय फार किरकोळ वाटे. “आग कशी भारदस्त असते,” ते म्हणत. “काकू, अदलाबदल करू या का?”

“आग माझी आहे,” काकू म्हणत. “तुम्ही आपला पाय सांभाळा.”

जिन्यात लोक काकूंना ‘आगवाल्या काकू’ म्हणू लागले, आणि काकूंनी ते नाव बिरुदासारखं मिरवलं. बाईंचा एक कडक नियम होता: नंबरवाल्यांशी खोटं बोलायचं नाही, आग नसेल तर आग म्हणायचं नाही. त्यामुळे काकू रोज सकाळी खिडकीतून हवा हुंगत. धूर दिसायचा नाही. मग थोड्या हिरमुसून कामाला लागत.

आणि एक दिवस खरंच धूर दिसला. शिंप्याच्या दुकानात इस्त्री पँटवर राहून गेली. पँट पेटली. शिंप्याच्या हातात फोन होता, नंबर पाठ होता, समोर पाण्याची बादली होती. पण आग त्याची नव्हती. तो पाच मजले धावत चढला. काकू न्हाणीघरात होत्या. तो दाराबाहेर अदबीने उभा राहिला. काकू बाहेर आल्या, केस विंचरले, चष्मा लावला, घसा साफ केला, पाच मजले उतरल्या आणि फोन कानाला लावून पत्त्यापासून सुरुवात करत असं बोलल्या, की पलीकडच्या माणसाने म्हणे त्यांना ‘एक्सलंट’ म्हटलं. गाडी आली तेव्हा आगीने पँट संपवली होती आणि खायला आणखी काही न मिळाल्याने ती आपणहून विझली होती. पुढचा आठवडाभर इमारतीत चर्चा होती ती काकूंच्या उच्चारांची. पँटबद्दल फक्त पँटवाला बोलत होता.

हा किस्सा बाईंनी मोठ्या कौतुकाने लेकीला फोनवर सांगितला. तिथेच चूक झाली.

लेक दुसऱ्या शहरात एका प्रचंड गोदामात सुरक्षा अधिकारी होती. कोणत्याही खोलीत शिरली की आधी दारं मोजायची, मग माणसांना नमस्कार करायचा, अशी तिची सवय. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आई, बादली समोर होती ना?”

“हो. भरलेली.”

“आणि तो पाच मजले चढला.”

“अगं, पण पाठांतर बघ ना त्यांचं!”

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. टेलिफोनवरच्या शांतता बाईंना चांगल्या ओळखू येत. ही ठरवून झाल्याची शांतता होती.

“आता पुरे, आई,” लेक म्हणाली. “तू माझ्याकडे यायचंस. तुझी खोली तयार आहे. न्हाणीघरात धरायला दांडे बसवलेत, पलंगाजवळ दांडा आहे, कपाटाजवळसुद्धा आहे.”

“मी काय सर्कशीत काम करते?”

“तू पडलीस तर? चौथ्या मजल्यावर एकटी असतेस. तुझं पडणं कोणाकडे आहे?”

बाईंना तळाशी पडलेली चिठ्ठी आठवली. आयुष्यभर तारेच्या दोन्ही टोकांना खरं बोलायला लावणारी बाई, पण तोंडून निघून गेलं, “आहे. वाटलेलं आहे.”

“ठीक. बुधवारी अर्धी रजा काढून येते. मी स्वतः परीक्षा घेणार. मी सांगेन ते संकट. जमलं तर तू तिथेच राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर त्याच दुपारी सामान बांधायला घेऊ.”

बाईंनी फोन ठेवला आणि घराकडे बघितलं. खिडकीतून दिसणारं पाण्याच्या टाकीचं टोक, तीन फळ्यांचं पुस्तकांचं कपाट, वर्गाच्या पाच खुर्च्या, त्यातली एक आजींसाठी उशी लावलेली. लेकीच्या घरी सगळं छान होतं. पण तिथे दिवसभर कोणी बाईंना काही विचारायला येणार नव्हतं. दांडे धरून उभं राहायचं आणि उभं राहून काय करायचं, हे कुठल्या दांड्यावर लिहिलेलं नव्हतं.

दोन दिवस बाईंनी चिठ्ठी खपवायचा प्रयत्न केला. काकू म्हणाल्या, त्यांना आगीपुढे वेळ नाही. काका म्हणाले, पडण्यात पाय मोडला असेल तर ते बघतील, नुसत्या पडण्यात ते पडणार नाहीत. पहारेकऱ्याने कानांवर हात ठेवले. आजींना विचारायचं बाईंच्या मनात आलं नाही; एवढं हळू बोलणाऱ्या बाईला दोन-दोन संकटं कशी द्यायची? राहिला शिंपी. माणूस भिडेचा, नाही म्हणणार नाही, बाईंनी मनाशी धरलं.

बुधवारी दुपारी लेक आली. अंगात निळा कोट, हातात घड्याळ, आणि गाडीतून काढलेली, घडी केलेली सहा मोठी खोकी. बाई तिला घ्यायला खाली आल्या होत्या. खोकी उचलायला म्हणून त्यांनी शिंप्याला बरोबर घेतलं, म्हणजे चार मजले जाईपर्यंत हळूच त्याच्या कानात चिठ्ठीचं सांगता आलं असतं.

लिफ्ट जुनी होती. जड लोखंडी दार, आत एक स्टूल. लिफ्टमनला निवृत्त करून बारा वर्षं झाली होती, स्टुलाला मात्र कोणी निवृत्त केलं नव्हतं. दुसरा मजला मागे पडला. तिसरा यायच्या आत लिफ्टने एक उसासा टाकला आणि ती थांबली.

“हे नेहमीचं आहे?” लेकीने विचारलं.

“नाही गं. नेहमी ती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये थांबते.”

लेकीने लाल बटण दाबलं. लिफ्टच्या आतच घंटा वाजली.

“बाहेर वाजते का?”

“बाहेर नाही वाजत,” शिंपी म्हणाला. “पण आतल्याला कळतं, की बटण चालू आहे.”

लेकीने फोन काढला. लोखंडी पेटीत फोन मुका. तिने एक खोल श्वास घेतला, आणि गोदामात नव्या माणसाला विचारतात तसं शिंप्याला विचारलं, “आई पडली तर फोन करायचं काम कोणाकडे आहे?”

शिंप्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळे मोठे केले. शिंपी सरळ माणूस. मोठ्या डोळ्यांचा त्याने उलटाच अर्थ घेतला.

“ते कोणाकडेच नाही, ताई. ते डब्यात आहे.”

“डब्यात.”

“बिस्किटांच्या. कोणी घेईना.”

लेकीने आईकडे बघितलं. बाई लिफ्टच्या छताकडे बघू लागल्या. कोपऱ्यात उभी असलेली सहा खोकी एकदम फार मोठी दिसू लागली.

तेवढ्यात वरून पावलं वाजली. परीक्षेसाठी नटूनथटून बसलेला वर्ग, बाई का येईनात म्हणून तिसऱ्या मजल्यावर उतरला होता. दाराबाहेर काकूंचा आवाज आला, “बाई! आत आहात का?”

“आहोत!” तिघं एकदम ओरडली.

“अडकलात का?”

“हो!”

“घाबरू नका! पहारेकरी शिंप्याला शोधायला गेलाय!”

आतल्या तिघांना हे समजायला थोडा वेळ लागला. लिफ्ट शिंप्याकडे होती. तेव्हा पहारेकरी रीतसर खाली दुकानात गेला होता, दुकान उघडं टाकून शिंपी गेला कुठे म्हणून समोरच्या रस्त्यावर बघत होता, कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही विचारत होता. लेकीने घड्याळ बघितलं. दहा मिनिटांनी पहारेकऱ्याचा धापा टाकणारा आवाज आला: “शिंपी कुठेच नाही. दुकान टाकून पळाला वाटतं.”

“अहो, शिंपी आत आहे!” लेक किंचाळली.



“अगं बाई,” काकू म्हणाल्या. “आणि आता सांगणार कोण?”

“कोणीही सांगा! फोन लावा आणि कोणीही बोला!”

“लावतो ताई. फक्त कोणी बोलायचं ते ठरतंय.”

ते ठरणं आत नीट ऐकू येत होतं. काकूंचं म्हणणं, त्यांनी तोंड उघडलं तर दोन मिनिटांत गाडी दारात उभी राहील. पण आग कुठे आहे? काकांनी दारावर टिचक्या मारल्या. “ताई, आत कोणाचा पाय मोडलाय का?”

“नाही!”

“थोडासुद्धा?”

“नाही म्हटलं ना!”

“मग माझा काही इलाज नाही,” काका खिन्नपणे म्हणाले.

पहारेकऱ्याने नुसतं कर्तव्य म्हणून विचारलं, आत कुत्रं वगैरे नाही ना.

लेक मटकन स्टुलावर बसली. “आई, ही माणसं खरी आहेत?”

“अगं, नियमाने वागतायत बिचारी. तुझ्या गोदामात नियम नाहीत?”

आता शिंप्याच्या अंगात आलं. चार महिने त्याने हेच एक संकट घोटलं होतं, आणि ते आलं तेव्हा तो त्याच्या पोटातच उभा होता. तो म्हणाला, “मी सांगतो. ते ऐकून फोनवर बोलतील.” पण हातात रिसिव्हर असल्याशिवाय त्याच्या तोंडून इंग्रजी निघत नसे. त्याने इकडे-तिकडे बघितलं, उजव्या पायातला बूट काढला, टाच तोंडाशी आणि टोक कानाशी धरलं, डोळे मिटले आणि हलक्या, गोड आवाजात म्हणाला, “हॅलो. वी आर स्टक इन द लिफ्ट. बिटवीन सेकंड अँड थर्ड फ्लोअर. थ्री पर्सन्स. प्लीज कम.”

“वा!” बाई म्हणाल्या. “पण पत्ता? पत्ता आधी.”

“चुकलं, बाई.” त्याने पुन्हा बूट कानाला लावला आणि पत्त्यापासून सगळं म्हटलं. निर्दोष. बाहेर कोणाला अक्षर ऐकू गेलं नाही.

“हे मोठ्याने म्हणा की हो!” लेक म्हणाली.

“फोनवर ओरडायचं नाही, ताई. वर्गाचा नियम आहे.”

“आज चालेल,” बाई म्हणाल्या. “मी परवानगी देते. ओरडा.”

शिंप्याने छाती भरून घेतली. पण ओरडायचं म्हटल्यावर सगळी वाक्यं चिमण्यांसारखी भुर्रकन उडाली. उरला एकच शब्द. “हॅलो!” तो गरजला. “हॅलो! हॅलो!”

बाहेरून चारही विद्यार्थी एका सुरात म्हणाले, “हॅलो!”

लेकीने कपाळाला हात लावला. बाईंच्या मनातही पहिल्यांदाच आलं, की खोक्यांत पुस्तकं आधी भरावी की भांडी.

मग दाराच्या फटीशी एक आवाज आला. तो इतका हळू होता, की ऐकायला सगळ्यांना गप्प व्हावं लागलं.

“ताई, तुमचं वय काय?”

“काय?”

“वय. खरं सांगा, ते विचारतात.”

“बेचाळीस! पण आजी, आत्ता हे कशाला—”

“कोट कुठल्या रंगाचा?”

बाई ताडकन उभ्याच राहिल्या; म्हणजे त्या उभ्याच होत्या, पण आणखी उभ्या राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं होतं. “सांग,” त्या लेकीला म्हणाल्या. “विचारतील ते सगळं सांग. एक शब्द जास्तीचा नको.”

“निळा,” लेक म्हणाली. “केस आखूड. बूट काळे.” आणि का कोण जाणे, लहान मुलीसारखा तिचा आवाज उतरला. “हातात घड्याळ आहे.”

बाहेर काका कुरकुरले, “पण आजी, मूल हरवलं म्हणणं खोटं नाही का होत?”

“दिसते का ती तुम्हाला?” आजींनी विचारलं.

“नाही.”

“हात लावता येतो?”

“नाही.”

“आईच्या घरी निघालेली मुलगी अजून पोहोचली का?”

काका चष्मा पुसत असावेत. “नाही,” ते म्हणाले.

“मग झालं तर,” आजी म्हणाल्या, आणि त्यांनी नंबर फिरवला.

बाईंनी डोळे मिटले. बाहेर आजी बोलत होत्या आणि आत बाईंचे ओठ हलत होते. आजींनी आधी पत्ता सांगितला. इमारतीचा क्रमांक, निळं फाटक, थर्ड फ्लोअर. घाई नाही, गडबड नाही. नंबरवाल्यांनाही जणू वेळच वेळ होता. मग, “अ गर्ल इज लॉस्ट.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

“फॉर्टी टू,” आजी म्हणाल्या. “येस. बिग गर्ल. ब्लू कोट. शॉर्ट हेअर. व्हेरी अँग्री.”

लेकीने घाईघाईने कपाळावरच्या आठ्या काढल्या.

“लास्ट सीन, इन द लिफ्ट... नो, नो. शी इज इन द लिफ्ट नाऊ. लिफ्ट इज नॉट गोइंग. सेकंड, थर्ड, मिडल... येस. विथ हर मदर. अँड वन टेलर.” थोडं थांबून आजी म्हणाल्या, “थँक यू. वी आर वेटिंग.”

आत बाईंनी डोळे उघडले. ते भरून आले होते. “एकही चूक नाही,” त्या म्हणाल्या. “एकसुद्धा नाही गं.”

अकरा मिनिटांत गाडी आली. एक दणकट माणूस हातात लांब लोखंडी चावी घेऊन वर गच्चीवर गेला, आणि एक उंच बाई फळीला लावलेले कागद घेऊन दारापाशी थांबली. लिफ्ट हाताने फिरवत, कण्हत-कुंथत तिसऱ्या मजल्यावर आणली गेली. दार उघडलं. उंच बाईने आत बघितलं, कागद बघितला, पुन्हा आत बघितलं. मग इंग्रजीत विचारलं, मुलगी कुठली?

आजींनी लेकीकडे बोट दाखवलं.

उंच बाईने कागदावर खूण केली. नोकरी म्हटल्यावर असलं काहीबाही बघायची तिला सवय असावी. हरवलेल्या मुलासाठी आणायची म्हणून एक वस्तू तिने पिशवीतून काढली आणि लेकीच्या हातात ठेवली. कापसाचं अस्वल होतं. एक कान थोडा उसवलेला.

“याची गरज नाही,” लेक इंग्रजीत म्हणाली. “मी स्वतः सुरक्षा अधिकारी आहे.”

उंच बाईने समजूतदारपणे मान हलवली, आणि आई कोण, असं विचारलं. बाई पुढे झाल्या. कागदावर सही हवी होती. त्याशिवाय प्रकरण बंद होत नव्हतं आणि मुलीला सोडता येत नव्हतं. बाईंनी लिफ्टमधल्या स्टुलावर बसून, चष्मा लावून, नीट वाचून सही केली. कागदाची एक प्रत त्यांना मिळाली. त्यावर छापील अक्षरांत होतं, की हरवलेली मुलगी सुखरूप सापडली असून आईच्या ताब्यात देण्यात आली आहे. खाली मोकळ्या जागेत उंच बाईने हाताने लिहिलं होतं: मुलीला पुन्हा एकटीने लिफ्टमध्ये सोडू नये.

सगळे जिन्याने वर आले. शिंप्याने एका पायात बूट घालून खोकी आणली. वर्ग खुर्च्यांवर बसला. लेक उभीच होती, एका हातात अस्वल, एका हातात घड्याळ.

“कोणी बोलायचं ते ठरवायला सव्वीस मिनिटं,” ती म्हणाली. “फोन केल्यावर मदत यायला अकरा. गोदामात माझी माणसं चौदा लावतात.” मग तिने कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढला, हात घातला आणि तळाची चिठ्ठी झटकून टेबलावर ठेवली. “आता हे. खोटं नको. हे कोण घेणार?”

काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. काकांनी चष्मा काढला.

“मी घेते,” हळूआजी म्हणाल्या. “माझं मूल सापडलं. मी आता रिकामीच आहे.”

“एकट्या आजींकडे कशाला?” काकू फटकन वळल्या. “आजी झोपल्या असल्या तर? मीसुद्धा घेते.”

“मग मीही,” काका म्हणाले. “पडण्यात पाय आला की तो माझाच आहे.”

“कोणी नसलं तर?” पहारेकऱ्याने विचारलं. “म्हणजे सगळेच आजींना शोधायला गेले तर?”

लेकीने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. “आज दिवसभरातला हा पहिला शहाणा प्रश्न,” ती म्हणाली. “सगळ्यांनी घ्यायचं. प्रत्येकाने. आणि बादली कोणाचीच नसते, ती दिसेल त्याने ओतायची. लिहून लावा भिंतीवर.” मग ती खुर्चीत बसली आणि पहिल्यांदाच कोट काढला. “आई, मला चहा दे. हरवले होते मी.”

अस्वल ती बरोबर घेऊन गेली. म्हणाली, कार्यालयात दाखवायला. खोकी मात्र इथेच राहिली.

ती आता दर बुधवारी दुपारी उघडतात. कपाट आणि टेबलाच्या मध्ये घड्या मोडून दोन-दोनच्या थराने अंथरली जातात, वर आजींच्या खुर्चीतली उशी येते, आणि हॅलोबाई एका हाताने टेबल धरत, सावकाश, पूर्ण शिस्तीने पडतात. पाच विद्यार्थी, म्हणून पाच वेळा. खिशातला फोन टेबलावर उभा असतो आणि त्यातून लेक गोदामातल्या जेवणाच्या सुट्टीत नंबरवाली होऊन विचारते, काय झालं, श्वास चालू आहे का, वय किती. शिंप्याच्या हातात मुका रिसिव्हर असतो. तो सांगतो, की बाई पडल्या आहेत, प्लीज कम, थँक यू.

“आणि राहतात कुठे?” लेक विचारते.

शिंपी घाम पुसतो.

खालून, खोक्यांवरून, डोळे न उघडता बाई म्हणतात, “पत्ता आधी हो. मी काय, पडलेलीच आहे.”